घर फोडणारी

सिनेमाला जायचं ठरलं ते पुतण्याच्या हट्टापायी. दहावीत चांगले मार्क पडले म्हणून त्यानं बक्षीस मागितलं: सगळ्यांनी मिळून तो नवा सुपरहिरोचा सिनेमा बघायचा. सगळे म्हणजे हर्सूलचं घर आणि आमचं घर, दोन्ही. असं दोन्ही घरांचं मिळून काही निघालं की मी आदल्या दिवसापासून न जाण्याची निमित्तं शोधते, कारण त्या गोतावळ्यात माझी ओळख एका वाक्यात करून दिली जाते. घर फोडलं ती ही.

आठ वर्षं झाली त्याला. मी लग्न होऊन हर्सूलला आले तेव्हा सासू, सासरे, दीर, जाऊ, पुतण्या आणि आम्ही दोघं एकाच चुलीवर जेवत होतो. मला तिथं बरं वाटायचं, यावर आता कुणाचा विश्वास बसणार नाही. मी एकुलती एक, माहेरी जेवताना बोलायलाही कुणी नसायचं. इथं जाऊ आणि मी भाकरी थापता थापता इतक्या हसायचो की सासूबाई अंगणातून ओरडायच्या. गुदमरत होता तो माझा नवरा. वाळूजच्या कंपनीतून घरी आला की सासरे विचारायचे, उशीर का झाला, कुणाबरोबर होतास, सुट्टी का टाकलीस. तिशी उलटलेल्या माणसाला! एका रविवारी गच्चीवर मी कपडे वाळत घालत होते, तिथं येऊन तो म्हणाला, "आपण वेगळं निघू. पण ते तू म्हण."

"मी का? मला नाही निघायचं."

"मी म्हनलं तर अण्णा जेवण सोडतील. पोरानं म्हनलं की लई लागतं. सुनेनं म्हनलं तर चार दिवस बोलतील अन् विसरून जातील."

आमच्याकडं ही रीतच आहे. मुलगा कधी वेगळा निघत नाही, सून त्याला वेगळं काढते. माझ्या स्वतःच्या काकूबद्दल मी लहानपणापासून हेच ऐकत आले होते आणि खरंही मानत होते. तरी मूर्खासारखी हो म्हणाले. नवरा-बायकोत एवढं चालतं, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला बसल्यावर मी बोलले, "मला वेगळं राहायचंय." सासऱ्यांचा घास हातातच राहिला. नवरा जेवत होता.

चार दिवसांची आठ वर्षं झाली आणि विसरलं कुणीच नाही. आम्ही सिडकोत राहायला आलो. दोन वर्षांनी सासरे गेले, तेव्हा दहाव्याला कुणीतरी म्हणालंच, घर फुटल्यापासून माणूस खचला होता हो. जाऊ मला 'तुम्ही' म्हणायला लागली. मी गेले की मला स्वयंपाकघरात येऊ देत नाहीत. 'बसा' म्हणतात आणि पाहुण्यांच्या कपात चहा आणून देतात. नवरा मात्र सरळ आत जाऊन डब्यातला लाडू काढतो. त्याला बिचाऱ्याला मी फितवलं ना! कितीदा त्याला म्हटलं, एकदा खरं सांगून टाक. तो म्हणतो, आता कशाला उकरून काढायचं? आणि मीच सांगावं तर लोक म्हणणार, बघा, आता नवऱ्यावर ढकलते. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

तर आम्ही जालना रोडवरच्या मॉलमध्ये एका रांगेत बसलो. सिनेमा हिंदीत डब केलेला होता. त्यातल्या खलनायकाचं गाव धरणात बुडालेलं, आणि त्याच धरणाच्या विजेवर हिरोचं शहर झगमगत होतं. म्हणून हा ते धरण फोडायला निघालेला. सासूबाईंचं माहेर जायकवाडीच्या पाण्याखाली गेलं आहे. त्या लहान असताना बैलगाडीत भांडीकुंडी भरून सगळे निघाले, हे त्यांनी मला कैकदा सांगितलं होतं, मी घरातली होते तेव्हा. मध्यंतरापर्यंत त्या पॉपकॉर्न कसे पोकळ असतात याचीच तक्रार करत होत्या. पण पडद्यावरचा तो माणूस पाण्याकाठी बसून तळाशी गेलेल्या घराकडं बघायला लागला तसा त्यांनी पॉपकॉर्नचा डबा खाली ठेवला. शेवटी त्यानं धरणासमोर हात उगारला आणि सासूबाई अंधारात मोठ्यानं म्हणाल्या, "फोड रे बाबा, फोड!"

पुढची रांग वळून हसली. जाऊ पदरानं डोळे पुसत होती. दीर चष्मा काढून बसले होते. हिरोनं त्याला पाण्यात फेकला तेव्हा टाळ्या अशा वाजल्याच नाहीत. मागून कुणीतरी चुकचुकलं.

खरं म्हणजे सगळ्यांत जास्त मी रडायला हवं होतं. माझे डोळे कोरडे ठणठणीत होते आणि मी रागानं नुसती उकळत होते. अर्धं शहर बुडवायला निघालेल्या माणसाची माझ्या घरच्यांना दया येत होती! का येणार नाही? त्यांना त्याच्या लहानपणात नेऊन बसवलं होतं, त्याचं घर, त्याची आई, सगळं दाखवलं होतं. आमच्या गच्चीवर त्यांना कुणी नेलं नव्हतं. आणि दुसरं असं, की ती दया करायला सोपी होती. तो माणूस दिवाळीला फराळाला येणार नव्हता. त्याला समजून घेतलं म्हणून घरातल्या कुणाला वाईट ठरवावं लागत नव्हतं. मला समजून घ्यायचं तर पुढचा प्रश्न लगेच येतो, मग घर फोडलं कुणी?

बाहेर आल्यावर सगळे खायला बसले. पुतण्या म्हणाला, "खरा व्हिलन तो नव्हताच."

"त्याची बाजूच कुणी ऐकून घेतली नाय," जाऊ म्हणाली.

सासूबाईंनी मान हलवली. "मानूस उगं वाईट व्हत नाय. कुनी तरी इचारावं की, बाबा, का केलंस असं?"

मी नवऱ्याकडं बघितलं. तो चमच्यानं मक्याचे दाणे खात होता, अगदी एकेक दाणा निवडून.

सासूबाई सरकत्या जिन्यावर पाय ठेवत नाहीत. बाकीचे त्यावरून उतरून गेले आणि त्यांना लिफ्टनं आणायचं काम माझ्याकडं आलं. दोनदा लिफ्ट भरून आली आणि तशीच गेली. आम्ही दोघीच उभ्या होतो. इतक्या वर्षांत आम्ही दोघीच अशा कुठं उभ्या राहिलो नव्हतो.

"आई," मी म्हटलं, "वेगळं निघायचं मी नव्हतं ठरवलं. यांनी मला म्हणायला लावलं."

आठ वर्षं घोकलेलं वाक्य. बाहेर पडलं तेव्हा शाळेतल्या पोरीनं चहाडी करावी तसं बारीक आवाजात पडलं.

त्या लिफ्टच्या आकड्यांकडं बघत होत्या. "मला म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिशी कळलं. तू बोलत व्हतीस अन् तो ताटात बघत व्हता. ल्हानपनी काय फोडलं की असाच खाली बघायचा."

मी म्हटलं, "मग इतकी वर्षं मला का?"

"त्याला बोललं असतं तर तो तुटला असता. ह्यांनी मरस्तोर त्याचं तोंड पाह्यलं नसतं. तुला बोललं तरी तू येतच ऱ्हातीस. सून कुठं जाती?" मग जरा हळू आवाजात म्हणाल्या, "मी हाय तवर चालू दे तसंच."

आजवर मला वाटायचं, यांना खरं माहीत नाही एवढीच माझी अडचण आहे. माहीत नसलेलं एक ना एक दिवस कळतं, त्या आशेवर मी होते. आता तीही गेली. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्या म्हाताऱ्या झाल्यात हेही दिसलं, आणि माझ्या तोंडातून "बरं" निघून गेलं. कुणी गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. तरी निघालं.

लिफ्ट आली. आत त्यांनी माझा हात घट्ट धरून ठेवला, त्यांना तिची भीती वाटते. खाली दार उघडलं तर सगळे ताटकळत उभे होते.

"एवढा येळ?" दीर म्हणाले.

सासूबाईंनी माझा हात सोडला. "हिच्यामुळं झाला."

कुणाला नवल वाटलं नाही. नवऱ्यानं खाली बघितलं.

"हो," मी म्हणाले, "माझ्यामुळंच."