मागच्या कोपऱ्यातला कोळसा

आमच्या खासबागेतल्या घराच्या ओट्यावर किस्से काजळीसारखे साचतात. झाडायला जावं तर हात काळे होतात, आणि पुढच्या रविवारी परत तेवढेच!

ओट्यावर बसणारे तिघं. माझे आजोबा, म्हणजे आप्पा, मिरजेकडच्या छोट्या लाईनवर वाफेचं पॅसेंजर इंजिन चालवायचे. बाबूअण्णा त्याचे फायरमन, भट्टीत कोळसा टाकायचे. आणि निपाणीचे कल्लाप्पामामा इंजिनशेडमधले फिटर. ती इंजिनं एकेक करून बंद झाली. शेवटचं एका बागेत रंग फासून उभं आहे. ते एकदा, फक्त एकदाच पेटवायचं, एवढं एकच तिघांच्या डोक्यात.

*

एका रविवारी कुकरची शिट्टी झाली. मी तर रोजच दचकते, पण त्या दिवशी ओट्यावरचे तिघंही ताठ!

"सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला!" बाबूअण्णा ओरडले. माझ्या हातातला चहाचा ट्रे खाली.

"एवढी वाफ फुकट? भट्टीवर कोण हाय?" आप्पांनी विचारलं.

"मी!" आतून आई म्हणाली.

"फायरमन बदला!" आप्पांचा हुकूम.

*

इंजिनं एकदम रिटायर झाली नाहीत, असं कल्लाप्पामामा सांगायचे. एक बंद पडलं की त्याचे पार्ट काढून दुसऱ्याला. दुसरं बंद पडलं की तिसऱ्याला.

"शेवटी एकच ऱ्हायलं. पण त्याच्या अंगात सगळी होती बघ."

मी विचारलं, "मामा, पार्ट काढताना वाईट वाटायचं?"

"न्हाय गं. फक्त हाताला अजून कोमट लागायचं."

त्यानंतर मी चहा गार होईपर्यंत कप धरून बसले होते.

*

बाबूअण्णांच्या घरी त्यांच्या बीपीच्या गोळ्या काढायला कपाट उघडलं, तर पेपरात गुंडाळलेलं काहीतरी काळं थेट माझ्या पायावर. मी किंचाळलेच!

"कोळसा हाय गं तो! शेवटच्या फेरीतला. परमिशन आली की पहिला ह्योच टाकणार."

"कुठं?"

"मागच्या कोपऱ्यात. भट्टीत कोळसा मधी पातळ, मागं जाड. झोपंत पण चुकायचो न्हाय. मग चार तास नुसतं बसायचं. गार इंजिन वाफ धरायला घाई करत न्हाय."

कॉलेज शिकलेली म्हणून अर्ज लिहायचं काम माझ्याकडं. कधी कन्नडात, कधी इंग्लिशमध्ये, असे रेल्वेला पाच झाले. उत्तर एकाचंही नाही.

*

शेवटी मीच तिघांना घेऊन त्या बागेत गेले. कल्लाप्पामामा हातोडी घेऊन इंजिनाखाली शिरले. टक, टक. मग बराच वेळ काहीच नाही.

बाहेर आले ते कपडे झाडतच. "बॉयलरला भोकं पाडल्यात रं. कुणी पेटवू नये म्हणून."

बाबूअण्णांनी इंजिनाच्या चाकावरून एकदा हात फिरवला, हाताला लागलेला रंग रुमालाला पुसला आणि माझ्याकडं वळले.

"अर्ज किती झालं गं?"

"पाच."

"सहावा टाक."

*

सहावा टाकला, आणि पंधराच दिवसांत बाबूअण्णा गेले.

आमच्याकडं बायका स्मशानात जात नाहीत. पण आप्पांना स्कूटरवरून दुसरं कोण नेणार? मी गेटपाशीच उभी राहिले, चिता तिथून दहा पावलांवर. चिता पेटली आणि काळा धूर लोळायला लागला.

"खाली हवाच न्हाय!" आप्पा एवढ्या मोठ्यानं ओरडले की मीच काय, मंत्र म्हणणारे भटजीसुद्धा दचकले. "फायरमनच्या आगीला काळा धूर काढताय? बाबूची इज्जत घालवताय व्हय रं?"

कल्लाप्पामामांनी कुणाला न विचारता बांबू उचलला आणि खालची लाकडं मोकळी केली. धूर पातळ झाला, मग पांढरा.

आप्पांनी खिशातून बाबूअण्णांच्या कपाटातली ती पेपरची पुडी काढली. चितेला वळसा घालून मागच्या बाजूला गेले, वाकले, आणि नेम धरून टाकली.

"मागच्या कोपऱ्यात?" मामांनी विचारलं.

"मागच्या कोपऱ्यात."

लोक आंघोळीला निघाले. मी आप्पांना हाक मारली. त्यांनी घड्याळ बघितलं.

"कल्लाप्पा, किती वेळ लागंल?"

"चार तास," मामा म्हणाले, आणि तिथंच मातीत मांडी घालून बसले.

आप्पाही बसले.

"मग थांबू की."