औषध कालवणारी

मीरा रोडच्या दवाखान्यात मूल होत नाही म्हणून आम्ही बायका नंबर लावून बसलो होतो. शेजारच्या बाईने सफरचंद बराच वेळ घासून धुतलं आणि अर्धं मला दिलं. पेणकरपाड्यात राहायची, माहेर मराठवाड्यातलं.

“लग्न होईपर्यंत कापसावर फवारायचं औषध मीच हाताने कालवायचे,” ती म्हणाली. “डॉक्टर म्हणतात, त्यानेही दिवस राहत नसतील.”

समोर तिची सासू बसली होती. मी हळूच विचारलं, “त्यांना सांगितलंत?”

“सांगितलं ना. आधी रोज वांझ म्हणायच्या. हे ऐकलं आणि जेवल्याच नाहीत. मग म्हणाल्या, फवारणीच्या दिवसांत माझीपण दोन पोरं पोटातच गेली.”

इतक्यात तिला आत बोलावलं. गुडघ्यावर हात टेकत सासूही उठली.

“थांब गं, मी पण येते. मलाही डॉक्टरला सांगायचंय.”