मधल्या रेघेच्या अलीकडे

आर्डिस ट्वीटन कुणाच्याही गाडीत बसली की आधी आरसा नीट करायची. गाडी दुसरं कुणी चालवत असलं तरी.

कॉफी अर्धा कपच घ्यायची. भरलेला कप हातात असला की माणूस कपाकडेच बघत बसतो, म्हणायची.

लिहायला पेन्सिल. पेनाने लिहिणाऱ्यांना स्वतःबद्दल फार खात्री असते, हे तिचं मत.

कॉलेजच्या बास्केटबॉल हॉलच्या दारात बर्फात घालायचे बूट काढून पिशवीतले पांढरे कॅनव्हासचे बूट घालायची. जणू आता खेळायलाच उतरणार. वय चौऱ्याहत्तर.

टाळ्या नाहीत. फारच खूश झाली तर गुडघ्यावर दोन बोटं आपटायची.

आणि आपल्या संघाच्या मुलींकडे चेंडू आला, त्या पलीकडच्या बास्केटकडे धावल्या, अख्खा हॉल उभा राहिला, की ही मान खाली घालून बटरस्कॉचच्या गोळीचा कागद सोडवत बसायची. आरडाओरडा थांबला की शेजारी विचारायची, "गेला का आत?"

शेजारी मी. चार हंगाम मीच सांगत आले, गेला की नाही ते.

बुधवारी सकाळी आर्डिस गेली. आज शुक्रवार. उद्या दुपारी तीन वाजता आमच्या लिंडहोम कॉलेजच्या मुलींचा वॉरेन क्रीकशी सामना आहे. आमच्या गटातल्या कॉलेजांच्या साखळीतला शेवटचा. जिंकलो तर बाद फेरी, हरलो तर हंगाम संपला. अंत्यविधी सोमवारी आहे. शनिवारी ठेवावा असं कुणाच्या मनातही आलं नाही. तिच्या भाचीच्याही नाही, आणि ती तर मिनियापोलिसची.

आमची ओळख झाली तेव्हा मी मांडीवर कादंबरी घेऊन बसले होते. साहित्याची पदवी नुकतीच मिळाली होती, कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागली होती, आणि या गावात हिवाळ्यात उबेची ठिकाणं दोनच. चर्चचं तळघर आणि हा हॉल.

"मान वर," शेजारची बाई म्हणाली.

"काय?"

"आपला बचाव चालू आहे. मान वर कर."

मी मान वर केली. जरा वेळाने आपल्या मुलींनी चेंडू हिसकावला आणि त्या पलीकडे धावल्या.

"हं, आता वाच," ती म्हणाली आणि पिशवीत गोळी शोधू लागली.

मी तिला मिसेस ट्वीटन म्हटलं.

"मिसेस ट्वीटन माझी सासू. तिला जाऊन वीस वर्षं झाली. उगाच हाक मारून उठवू नकोस. आर्डिस म्हण."

मध्यंतरात संघ बाजू बदलतात. आर्डिसही बदलायची, कारण तिला कायम आपल्या बचावाच्या बाजूला बसायचं असे. पण मैदानाच्या कडेने सरळ चालत जायची नाही. दारातून बाहेर, बक्षिसांच्या कपाटावरून, पॉपकॉर्नच्या गाडीला वळसा घालून पलीकडच्या दाराने आत. दोन मिनिटांच्या जागी सात मिनिटं. मी पिशवी घेऊन मागे.

"सरळ का नाही जायचं?" मी एकदा विचारलं.

"मधली रेघ ओलांडावी लागते."

मला वाटलं थट्टा करतेय. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

ती शाळेत खेळायची तेव्हा आयोवात मुलींच्या संघात सहा जणी असत. तिघी बास्केट करणाऱ्या, तिघी अडवणाऱ्या. मैदानाच्या मधोमध रेघ. अडवणाऱ्यांनी ती ओलांडायची नाही. आर्डिस चार वर्षं अडवणारी होती. चार वर्षांत तिने एकदाही बास्केटवर चेंडू टाकला नाही. चेंडू हिसकावायचा, रेघेपर्यंत न्यायचा, पलीकडे फेकायचा आणि कमरेवर हात ठेवून उभं राहायचं.

"मग पलीकडे आपल्या मुली काय करतात ते बघायची नाहीस?"

"बघून काय करू? ते माझं काम नव्हतं. मी दम खायचे."

डेमॉइनला राज्याच्या स्पर्धेत जायच्या आधीचा सामना तिचा संघ एका गुणाने हरला होता. आर्डिसच्या वाट्याला अडवायला समोरच्या संघातली जोलीन नावाची मुलगी आली होती. जोलीनने बेचाळीस गुण केले. शेवटचे दोन, वेळ संपताना. "प्रत्येकीला वळायच्या आधी काहीतरी सवय असते," आर्डिस म्हणायची. "त्या पोरीलाही होती. मला शेवटपर्यंत दिसली नाही."

एकवीस वर्षांनी दिसली. आर्डिस तेव्हा तालुक्याच्या कचेरीत वाहन परवान्याच्या खिडकीवर बसायची. एक दिवस समोर एक बाई पत्ता बदलायला उभी राहिली. नाव वाचून आर्डिसने शिक्का बाजूला ठेवला.

"एक विचारू? उजवीकडे वळायच्या आधी तू काय करायचीस?"

जोलीन जोरात हसली. "ओठ चाटायचे. आमचे कोच ओरडून ओरडून थकले."

हे सांगताना आर्डिसचा आवाज दर वेळी खाली यायचा. "ओठ, ब्रिटा. माझ्यापासून वीतभर लांब. आणि मी अख्खा सामना तिच्या पायांकडे बघत होते."

खिडकीवर बसायच्या आधी आणि नंतरही तिने गाडी चालवण्याच्या परीक्षा घेतल्या. एकूण एकतीस वर्षं. गावातल्या अर्ध्या लोकांना तिने निदान एकदा नापास केलंय. आमचे कोच कर्ट टोफ्ट याच गावचे. त्यांना दोनदा.

"आर्डिस, पन्नाशीला आलो मी. आता तरी विसर," ते हॉलच्या दारात म्हणायचे.

"परवा बँकेपाशी डावीकडे वळलास. आरसा बघितलास?"

"रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं!"

"म्हणजे नाही बघितलास."

याच कोचच्या ट्रकच्या वायपरखाली ती अकरा वर्षं कागद अडकवत आली. सामन्याच्या दिवशी सकाळी नऊला. पेन्सिलीने लिहिलेला, चार घड्यांचा. समोरच्या संघातल्या पाच मुली आणि त्यांच्या सवयी. "११ – पास द्यायच्या आधी जिला द्यायचा तिच्याकडे बघत नाही. जिच्याकडे बघत नाही तिला अडवा." "५ – दमली की शर्ट खाली ओढते. तेव्हा दाबा." एकेका मुलीला एक ओळ. त्याहून जास्त कधी नाही. मी दोन पानी निबंधांवर पदवी मिळवली. या ओळी वाचल्या की मला माझी लाज वाटायची.

कोच त्या कागदाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. अकरा वर्षं.

"विचार ना त्यांना," मी म्हणायची.

"विचारलं की तो हो म्हणेल. चांगल्या घरचा आहे. त्याचा उपयोग काय?"

मग ती सामन्यातच शोधत बसायची. आपली एखादी मुलगी एक पाऊल आधीच सरकली, की गुडघ्यावर दोन बोटं. "वाचला वाटतं." पुढच्या वेळी तीच मुलगी फसली, की "नाही वाचला." कागद वाचला जातो की काच पुसायला जातो, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. याहून जास्त तिने कुणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही.

जानेवारीत आम्ही वॉरेन क्रीकला जाऊन हरलो. त्यांच्या तेवीस नंबरच्या मुलीने एकतीस गुण केले. परत येताना मी गाडी चालवत होते. आर्डिस आरशाला हात लावायची विसरली, तेव्हाच मी समजले.

मग म्हणाली, "मी लिहिलं होतं, तेवीस डावीकडे वळते. ती उजवीकडे वळत होती."

"होतं असं."

"ऐक. कर्टने कागद वाचला असेल, तर आपण माझ्यामुळे हरलो. वाचला नसेल, तर अकरा वर्षं मी काच पुसायला कागद पुरवले. यातलं बरं कोणतं? तू साहित्य शिकलीस, तू सांग."

मला ते अजूनही सांगता येत नाही.

त्यानंतर ती रोज सकाळी दहाला ग्रंथालयात यायची. मी माझ्या कॉम्प्युटरवर तिला त्या सामन्याचं चित्रण लावून द्यायची. ती अर्धा कप कॉफी घेऊन बसायची आणि फक्त तेवीसकडे बघायची.

"मागे घे. अजून. थांब. परत."

"आर्डिस, हे आपण काल बघितलंय."

"काल मी खांदे बघितले. आज कोपरं."

विद्यार्थ्यांना वाटायचं, ही बाई काही संशोधन करतेय. तसं खोटं नव्हतं ते.

सोमवारी, सामन्याच्या तिसऱ्या सत्रात, तिने पुन्हा "थांब" म्हटलं. मग "परत." कॉफी तशीच ठेवून ती उठली आणि कोट घालू लागली. दोन बोटं कोटाच्या बटणांवर आपटत होती.

"दिसलं?"

"दिसलंय असं वाटतंय. घरी जाऊन विचार करते."

"सांग की मला!"

"परीक्षेला बसणाऱ्याला आधी सांगत नसतात. शनिवारी हॉलमध्ये बघ. तुला स्वतःला दिसलं तर तुला एक गोळी."

मंगळवारी दुपारी ती स्वयंपाकघरात कोसळली. शेजारणीने खिडकीतून पाहिलं. बुधवारी सकाळी इस्पितळातून फोन आला. मी तेव्हा परत आलेली पुस्तकं लावत होते. फोन ठेवला आणि उरलेली पुस्तकं लावली. सगळी बरोबर जागी लावली, हे मी नंतर जाऊन पाहिलं. कशी लावली ते आठवत नाही.

भाचीने मला मांजराला खायला घालायला सांगितलं होतं. काल सकाळी गेले तर आर्डिसच्या दारातलं बर्फ कुणीतरी फावड्याने काढत होतं. कोच टोफ्ट. दारापासून रस्त्यापर्यंतची वाट जवळजवळ मोकळी झाली होती. आता त्या वाटेने जाणारं कुणी नव्हतं, पण आमच्याकडे बर्फ काढतात.

"ब्रिटा," ते फावड्यावर टेकून म्हणाले. "शनिवारचा कागद कुठे आहे?"

मी किल्ली हातात घेऊन उभी राहिले.

"कुठला कागद?"

"कुठला काय? तिचा. लिहिला असेल ना तिने?"

"तुम्ही वाचता?"

"पोरींना वाचून दाखवतो. प्रत्येक सामन्याआधी. कपडे बदलायच्या खोलीत दाराला चिकटवतो."

"मग तिला कधी बोलला का नाहीत?"

"वाचतो म्हटलं असतं तर तिने मला रोज सकाळी सहाला फोन केला असता." ते हसायला गेले. जमलं नाही. त्यांनी टोपी काढली आणि परत घातली.

मला विचारायचं नव्हतं. तरी विचारलं. "वॉरेन क्रीकला तिने तेवीस डावीकडे वळते असं लिहिलं होतं."

"हो. आम्ही अख्खा सामना डावी बाजू अडवत होतो. एकतीस गुण खाल्ले." ते फावड्याच्या टोकाने बर्फाचा एक खडा फोडत राहिले. "मी ठरवलं होतं, शनिवारी जिंकलो की सगळ्यांसमोर तिला सांगायचं. आर्डिस ट्वीटन, मागच्या परीक्षेत तू नापास. वाक्यही पाठ केलं होतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला संधी मिळाली होती."

आम्ही आत गेलो. मांजर आधी कोचच्या पायांत घुटमळलं. टेबलावर अर्धा कप कॉफी होती, वर साय धरलेली. शेजारी कागद आणि पेन्सिल.

कोच चष्मा लावून उभ्यानेच वाचू लागले. मोठ्याने, बहुतेक मुलींना वाचून दाखवतात तसंच. चार मुलींच्या चार ओळी होत्या. प्रत्येकीनंतर ते मान डोलवत होते. पाचवी वाचून ते थांबले. कागद उलटा केला. मागे कोरा होता.

"पुढे काय?" त्यांनी मला विचारलं.

सोमवारी तिने जिथे "थांब" म्हटलं होतं ती जागा मला माहीत आहे. तिसरं सत्र, सहा मिनिटं बाकी. काल दिवसभर आणि आज दिवसभर मी ती बघते आहे. काल दुपारी कोचही येऊन बसले होते. तेवीसला पास मिळतो, ती उजवीकडे वळते, चेंडू आत जातो. मला एवढंच दिसतं. माझी नजर दर वेळी चेंडूबरोबर वर जाते.

उद्या मी तिच्या जागेवर बसेन. पुस्तक नेणार नाही. मध्यंतरात बाहेरून वळसा घालेन.

कागद कोच घेऊन गेलेत, दाराला लावायला. त्याआधी मी तो उतरवून घेतला. शेवटची ओळ अशी आहे:

"२३ – पायांकडे बघू नका. उजवीकडे वळायच्या आधी ती"