पंगतीत अडकलेलं युद्ध

विलासच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात एक किस्सा सांगून होत नाही, तोवर दुसरा घडलेला असतो. चार्जरच्या वायरींसारखे गुंतलेत सगळे. एक ओढला की पाच येतात.

मालेगावच्या स्टँडमागे हे दुकान. आम्ही काही रिकामटेकडे तिथे बसून मोबाइलवर राजे-राक्षसांचा ऑनलाइन गेम खेळतो. टोळ्या दोन, गढीवाले आणि दरीवाले. युद्धाची कथा विलास लिहितो, बाकीच्यांनी ती खेळायची. मी सगळ्यांत म्हातारा आणि सातवी नापास, म्हणून गेममध्ये वैद्य! दोन्ही टोळ्यांना एकच पाला विकतो.

*

कथेत दरीवाले राक्षस. पण त्यांचा सरदार संतोष म्हणाला, आम्ही राक्षस नाही, आमच्यावर अन्याय झालेला आहे. विलासने बिचाऱ्याने अन्याय लिहिला. तर गढीवाल्यांचा सरदार गजानन म्हणे, आमच्यावर त्याच्याआधी झाला. मग आठवडाभर नुसता अन्यायच चालला, तलवार कोणी उपसलीच नाही.

*

मरायलाही कोणी तयार नाही. विलासने कसाबसा गजाननचा सरदार मारला. दुसऱ्या दिवशी त्याचा चुलतभाऊ हजर. तोच चेहरा, तीच तलवार. त्याला मारलं तर मावसभाऊ.

मी म्हटलं, "गजा, तुह्या खानदानात बाया नाईत काय?"

संध्याकाळी आत्या आली. मिशांसकट.

*

मग मात्र बिनसलं. गजानन साळ्याच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, धनजला गेला आणि मागे संतोषच्या टोळीने गेममधली त्याची गढी जाळली.

"मी घरी नसतानी काहून जाळली?"

"युद्धाची काय पत्रिका छापा लागते?" संतोष म्हणाला.

आम्ही हसलो. गजानन उठून गेला. दोघांचं बोलणं बंद.

आता गंमत अशी, की गजाननचं कापलेलं सोयाबीन वावरात गंजी लावून पडलेलं, आणि दरसालची त्याची मळणी संतोषच्याच थ्रेशरवर. गावातले बाकीचे थ्रेशर गुंतलेले. इंझोरीकडून ढग चढून राह्यले होते. एकदा गंजी भिजली की शेंगांना कोंब. तरी गजानन बोलवेना, संतोष विचारेना. विलास घडीघडी बाहेर येऊन आभाळ पाही. जेवण मलाही जाईना, पण चेष्टा करायचं मी सोडलं नाही, नाहीतर सगळेच घाबरले असते.

*

विलासने कथेत तह लिहायला घेतला. आधी कोण वाकणार, यावर तो अडला.

"लेका, तह कायले लिहितो?" मी म्हटलं. "जेवण लिही. पंगतीत कोणी कोणाले मारत नाई."

दुपारी पंगत बसली. दोन्ही सैन्यं समोरासमोर, मांडी घालून. गजानन त्याच्या वावरातून खेळत होता, संतोष दुकानातून. जेवण झालं, पण दोघांपैकी आधी उठायला कोणी तयार नाही. विलासने मठ्ठा वाढला. जिलेबी वाढली. पुन्हा मठ्ठा. कथा तिथेच. आणि बाहेर खरंच गडगडलं.

संतोषने आभाळाकडे पाहिलं. मग त्याचा फोन माझ्या हातात दिला.

"आबाजी, माह्या सरदाराले उठू देऊ नका."

त्याने ट्रॅक्टरला थ्रेशर जोडलं. मी मडगार्डवर बसलो. बोट उचललं की सरदार उठतो, म्हणून रस्ताभर फोनवरचं बोट हलवलं नाही.

गजानन गंजीजवळ ताडपत्री घेऊन बसलेला, नजर मोबाइलमध्ये.  संतोषने थेट थ्रेशर गंजीला लावलं आणि सुरू केलं.

गजाननने मान वर केली नाही.

"आवाज कमी कर," तो म्हणाला. "पंगत बसली हाय."