हवेतले उस्ताद

"जमिनीवर तं कोनीबी भांडते, साहेब!"

असं म्हणून उस्ताद टाचा उचलायचे, चवड्यांवर उभे राहायचे आणि भुवयांवर बसलेला कापूस फूं करून उडवायचे. कापूस उडाला की समजायचं, आता माणूसही उडणार.

अकोल्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं गादीघर होतं. घराणं पिंजाऱ्यांचं. दिवसभर कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या आणि संध्याकाळी दुकानामागच्या टिनाच्या शेडमध्ये पोरांना वुशू शिकवायचं. वुशू म्हणजे चिनी मारामारी, एवढंच मला तेव्हा ठाऊक होतं. तरुणपणी उस्ताद नागपुरात कुण्या मास्तरांकडे राहून ते शिकून आले होते. हवेत गिरकी घेऊन लाथ, मागं कोलांटी, हात न टेकवता उलटी उडी. या विद्येत खेळ करून दाखवणं वेगळं आणि लढणं वेगळं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. उस्तादांनाही सांगितलं असेल असं वाटत नाही.

मी पाटबंधारे खात्यात कारकून. पस्तिशी गाठेपर्यंत पोट माझ्या आधी ऑफिसात शिरू लागलं होतं. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, तर मी थेट उडायलाच गेलो. तुमच्यातही असे असतीलच. ज्याला जिना चढवत नाही, त्यालाच गड चढायची हौस फार.

शेडमध्ये पिंजलेल्या कापसाचा मोठा ढीग असे. उड्या त्यावर मारायच्या.

"डरू नका," उस्ताद म्हणाले. "खाली कापूस हाय."

मी धावलो, उडालो आणि हवेत गिरकी घेतली. निदान मला तसं वाटलं. बघणाऱ्या पोरांचं म्हणणं, मी धावलो आणि पडलो, मधलं काही झालंच नाही. घरी पोचलो तेव्हा केसांत, मिशीत, कानात कापूस. बायको दारातच उभी.

"गादी भराले गेल्ते, का सोताच भरून आले?"

तरी मी जात राहिलो. उस्ताद स्वतः उडत तेव्हा बघत राहावं असं काहीतरी त्यात होतं. चाळिशी ओलांडलेला, रापलेला, हडकुळा माणूस. जमीन सोडताना त्याचा चेहरा एकदम लहान होऊन जाई.

अशात एक दिवस अमरावतीचे एक निवृत्त सुभेदार दुकानात आले. ते तिकडे पोरांना लढतीचा सराव देत. त्यासाठी त्यांना कापूस भरलेल्या पातळ गाद्या शिवून हव्या होत्या. काम सांगून झाल्यावर ते शेडमध्ये डोकावले. उस्तादांनी पाहुण्यासाठी ठेवणीतली गिरकी मारली. सुभेदारांनी मनापासून टाळी वाजवली आणि विचारलं,

"लय भारी. पन समोरचा तोवर उभा राहून पायत बसंन का?"

पोरं उस्तादांकडे बघू लागली.

"येतो अमरावतीले," उस्ताद म्हणाले. "तुमचा कोनी उभा करा. मंग पाहू."

आम्ही सगळे एसटीनं गेलो. वाटेत मी पोरांना ऐकू जाईल अशा आवाजात चिनी लोकांच्या प्राचीन विद्येवर बोलत होतो. त्याची शिक्षा लगेच मिळाली. उस्तादांचा सर्वांत थोर, म्हणजे वयानं थोर, शिष्य म्हणून पहिली लढत माझी ठरली. समोर धामणगावची, कॉलेजात शिकणारी एक मुलगी. "काका, हळू मारीन," ती म्हणाली. मी उडालो. ती थांबली. मी खाली आलो तेव्हा तिचा पाय तिथं आधीच पोचलेला होता. पोट पुढं असल्याचा एवढाच फायदा, की बाकीच्या शरीराला काही लागलं नाही.

मग उस्ताद. त्यांनी मॅटवर येतानाच मागं कोलांटी मारली आणि शिट्ट्या पडल्या. समोर नांदगाव खंडेश्वरचा एक लांबोडका जवान, हात गालाशी धरून गुमान उभा. उस्तादांनी धाव घेतली, हवेत फिरले, लाथ सुटली. तो जवान नुसता मागं सरकला. उस्तादांचा पाय मॅटला टेकतो न टेकतो तोच त्यानं छातीवर तळपाय ठेवला आणि ढकललं. उस्ताद पाठीवर.

उठले. पुन्हा उडाले. पुन्हा तेच. त्यानंतरच्या उडीला खाली येताना त्यांचा घोटा मुरगळला. तिथं मॅट होती, कापसाचा ढीग नव्हता. सुभेदारांनी लढत थांबवली. आता शिट्टी कुणीच मारेना. आमची पोरं एकमेकांकडे न बघता बुटांच्या नाड्या बांधू लागली.

उस्तादांनी ग्लोव्ह्ज काढले आणि त्या जवानाला जवळ बोलावलं.

"बेटा, तू मले नेमकं केलं काय?"

"काईच नाई, चाचा," तो संकोचून म्हणाला. "तुमी वर गेले का मले मालूम राहे कुठी उतरसान. मी तिथी थांबत होतो."

परतीच्या एसटीत उस्ताद मुरगळलेला घोटा चोळत बसले. बडनेरा गेल्यावर एकदाच स्वतःशी पुटपुटले, "खरं हाय. वर गेल्यावर रस्ता बदलता येत नाई."

पुढच्या रविवारी भल्या सकाळी ते मला बसस्टँडवर दिसले. हातात पिशवी, पाय अजून थोडा लंगडता.

"कुठं?"

"अमरावतीले. शिकाले."

मी चाट पडलो. ज्या मॅटवर चारचौघांत पाठ टेकली, त्याच मॅटवर हा माणूस विद्यार्थी म्हणून चालला होता. मीही गेलो. सोबत म्हणून गेलो असं लोकांना सांगत असे. खरं तर शेडमधला माझा पडण्याचा कोपरा आता सर्वांना पाठ झाला होता, मला नवीन जागा हवी होती.

तिथं उस्ताद शाळकरी पोरापोरींच्या ओळीत उभे राहायचे. हात गालाशी, सरळ ठोसा, मागं पाऊल. टाचा आपोआप वर येत. सुभेदार ओरडत, "उस्ताद, पाय जमिनीवर!" पोरं खुदकन हसत, आणि उस्तादही हसत, पण टाचा खाली दाबून धरत.

इकडे शेड रिकामी होत होती. काही पोरं त्या हरण्यामुळं सुटली, पण बरीचशी दुसऱ्याच कारणानं. ती वर्षं कपाशीनं घात केलेली. गावांतून शिकायला आलेली पोरं खोल्या सोडून परत जात होती. लग्नं पुढच्या साली ढकलली जात होती, आणि लग्न नाही तर रुखवताची गादी कुठली? ज्यांची लग्नं होत, ते फोमची गादी आणत.

वर्ष उलटल्यावर त्याच जवानाशी उस्तादांची पुन्हा लढत झाली. या वेळी कोलांटी नाही, काही नाही. ते हात गालाशी धरून मॅटवर आले आणि शेवटपर्यंत तसेच राहिले. बघणारे कंटाळले. "उडी मारा, उस्ताद!" असा गलका झाला. माझाही आवाज त्यात होता. उस्तादांनी मान वळवली नाही. एकदा तर त्यांनी त्या जवानाची लाथ हवेतच धरली आणि त्यालाच अलगद खाली बसवलं. गुणांवर हरले, पण थोडक्यात. सुभेदारांनी त्यांना मिठी मारली.

एसटीत मी विचारलं, "मजा आली?"

"नाई बाप्पा." त्यांनी खिडकीची काच सरकवली. "पन पडलो नाई." मग हळूच म्हणाले, "सांगू का, साहेब? पडत होतो ना, तवाच जास्त बरं वाटे."

त्यानंतर उरलेल्या चार पोरांना ते आधी लढणं शिकवत आणि शेवटी कापसाचा ढीग मोकळा करत. मी एकदा म्हटलं, "लढतीत उपयोग नाही तर हे अजून काहून शिकवता?"

"हे लढाले नाई," ते म्हणाले. "हे असंच."

शेवटी गादीघर बंद झालं. उस्तादांची पत्नी आधीच गेलेली होती. ते बऱ्हाणपूरला मुलीकडे राहायला गेले. सुरुवातीला फोन येत, मग तेही विरळ झाले, आणि एके दिवशी फोनवर मुलीचा आवाज आला. झोपेतच गेले होते.

मी बऱ्हाणपूरला भेटायला गेलो. फरशीचं अंगण, कडेला बसलेली माणसं, हलक्या आवाजातलं बोलणं. मुलगी ओढणी सावरत येऊन बसली. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता. तिची लेक माझ्याकडे टक लावून बघत होती.

"नाना सच्ची उडते थे?" तिनं मला विचारलं. "सब बोलते, झूट है."

"झूट नही, बेटा," मी म्हणालो. "उडते थे."

"लडाई में काम आता था?"

मुलगीही माझ्याकडे बघू लागली.

"नही आता था," मी म्हणालो. "पण उडते थे."

"कैसे?"

मी हातवारे करून सांगायला लागलो. पोरीला काही कळेना. मलाही ते हातांनी दाखवता येईना. शेवटी उठलो, चपला काढल्या, पॅन्ट वर ओढली. मुलगी घाईनं म्हणाली, "काका, राहू द्या ना, तुमाले लागन!" तोवर मी धावलो होतो. आता पन्नाशी जवळ आलेली, पोटानंही मधल्या काळात प्रगती केलेली. जमिनीवरून किती वर गेलो ते सांगता येणार नाही, पण खाली आलो तो सपशेल पाठीवर, फरशीवर, आवाजासकट.

कडेला बसलेली माणसं उठून उभी राहिली. मग मुलीनं ओढणी तोंडात कोंबली. खांदे हलू लागले. मला वाटलं, पुन्हा रडू फुटलं, पण ती हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत असतानाही हसत होती, आणि तिची लेक टाळ्या पिटत म्हणत होती, "और एक बार!"

कुणीतरी मला उठवायला हात पुढं केला. मी तो लगेच धरला नाही. वरच्या मोकळ्या आभाळाकडे बघत जरा वेळ तसाच पडून राहिलो.