पाटीवरचं कागदावर

फाइल मेमरीत उघडून लिहायला बसले की मला चैन पडत नाही. फाइलची पानं डिस्कवरून संगणकाच्या मेमरीत येतात आणि आपण लिहितो ते तिथल्या पानांवर. डिस्कवर तेव्हाच्या तेव्हा काही जात नाही, यंत्रणा ते सवडीनं उतरवते. आपला प्रोग्राम मधेच कोसळला तरी उतरवते, पण वीज गेली की संपलं. डिस्कवर जुनंच राहतं आणि पुढचा वाचणारा तेच खरं धरतो. म्हणून महत्त्वाचं काही बदललं की मी लगेच ‘आत्ता उतरव’ असा हुकूम सोडते आणि उतरल्याचं कळेपर्यंत जागची हलत नाही. बरोबरचे लोक म्हणायचे, बाई, तुमच्यापायी काम रखडतं. रखडू दे!

ही खोड मला अकोल्यात लागली, साठ सालानंतर, संगणक हा शब्दही ऐकला नव्हता तेव्हा. आईला न्यूमोनिया झाला म्हणून मूर्तिजापूरहून तिथल्या एका दवाखान्यात आणलं होतं. तिच्याजवळ मी एकटीच होते, कॉलेजात नुकती गेलेली. प्रत्येक खाटेला एक पाटी टांगलेली असे. फेरीत डॉक्टर औषध बदलत ते खडूनं पाटीवर, आणि सिस्टर ते दुपारी निवांतपणे केसपेपरवर उतरवत. मला हे पहिल्या दिवसापासून खुपत होतं. पण विचारतो कोण आम्हाला?

त्या दिवशी सकाळी पेनिसिलीन टोचलं आणि आईच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला. डॉक्टर धावत आले. त्यांनी दुसरं इंजेक्शन देऊन तिला सावरलं आणि पाटीवर ठळक लिहिलं, ‘पेनिसिलीन बंद.’ तेवढ्यात मोठे साहेब तपासणीला येणार अशी बातमी आली. साहेबांना सगळं लख्ख लागायचं. आयाबायांनी फरशी धुतली, खाटा पुसल्या आणि पाट्याही धुऊन काढल्या. मी नळावरून पाणी घेऊन आले तर पाटी ओली आणि कोरी. सकाळच्या सिस्टरची ड्यूटी संपून ती घरी गेली होती. मी ज्याला त्याला सांगत सुटले, पण सगळे चादरी ताणण्यात गुंतलेले.

दुपारच्या सिस्टर सुई भरून आल्याच.

“हे नका देऊ. डॉक्टरांनी बंद केलंय.”

“कागदावर आहे न. मी कागद पायू का तुले पायू?”

आईनं मुकाट्यानं हात पुढे केला. मी तो हात दोन्ही हातांनी झाकला आणि ओरडले, डॉक्टरांना बोलवा! सारा वॉर्ड वळून पाहू लागला. डॉक्टर आले ते साहेबांच्या मागोमागच. सुई पाहून त्यांचा चेहरा पडला. त्यांनी केसपेपर मागवला आणि उभ्याउभ्या ती ओळ खोडली.

सगळे गेल्यावर आई माझ्याकडे बघेना.

“चारचौघात तमाशा केला तू.”

“अगं, मेली असतीस तू!” मला रडू आवरेना.

“मालूम होतं वं मले. सकाळचीच सुई होय, पाह्यल्याबरोबर समजलं. पण बाई एवढी घेऊन आली, तिले नाही कसं म्हनाव?”