दारामागचं मीठ

आधी एक कबुली देते. या सदरातले अनुभव मी गेली कित्येक वर्षं वाचतेय, आणि खाली कमेंटमध्ये "याला साधं वैज्ञानिक कारण आहे" म्हणून जी बाई तीन-तीन परिच्छेद भांडत असते ना... ती मीच. आज तीच बाई लिहायला बसलीय आणि कारण सापडत नाहीये. हसा खुशाल.

मी मूळची परभणी जिल्ह्यातली. पोखर्णीच्या अलीकडे आमचं गाव आहे, नाव देत नाही, कारण माय अजून तिथंच राहते. नोकरी लांबच्या शहरात, अणुऊर्जेवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत. माझं काम रेझिनचं. अणुभट्टीच्या पाण्यात जे किरणोत्सारी क्षार येतात ते काढून घ्यायला राजगिऱ्याच्या दाण्यांसारखे पिवळसर मणी वापरतात, ते म्हणजे रेझिन. नळकांड्यात मणी भरायचे, वरून पाणी सोडायचं. अशी नळकांडी किती दिवसांत भरतील, याची कॉम्प्युटरवर मॉडेलं करण्यात माझी दहा वर्षं गेली.

यातली एकच गोष्ट लक्षात ठेवा. रेझिन काहीही नष्ट करत नाही. ते पाण्यातलं एक घेतं आणि स्वतःजवळचं दुसरं देतं. घाण जात नाही, फक्त जागा बदलते. आमच्याकडचं भरलेलं रेझिन म्हणूनच सिमेंटमध्ये गाडून ठेवावं लागतं. घरगुती, साध्या पाण्याच्या रेझिनला तेवढं करायची गरज नसते. त्यातून मिठाचं दाट पाणी सोडलं की घेतलेलं सगळं ते सोडून देतं आणि पुन्हा ताजं होतं.

हे सगळं सांगायचं कारण आमची बोअर. पाणी इतकं जड की तुरीची डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस नाही, हंड्याला आतून पांढरा थर. माय दर फोनवर तेच, "एवढी शास्त्रज्ञ झालीस, घरची डाळ शिजवून दाखीव!" म्हणून दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात, माझी मुलगी ओवी हिला सुट्टी लागल्यावर, मी बाजारातून नवंकोरं रेझिन विकत घेतलं आणि हातभर लांबीचं एक पारदर्शक नळकांडं घरी घेऊन गेले. तुम्ही विचारायच्या आत सांगते, लॅबमधून मी काहीही आणलेलं नव्हतं. एक मणीसुद्धा नाही.

डाळ शिजली! दुसऱ्याच दिवशी. माय गल्लीभर सांगत सुटली.

आणि चौथ्या दिवशी सकाळी ओवीची डावी मूठ उघडेना.

ओवी तेव्हा सहा वर्षांची होती आणि डावखुरी. लिहिणं, खाणं, सगळं डाव्या हातानं. आधी वाटलं नाटक करतेय, मी रागावलेसुद्धा. मग बोट धरून उघडायला गेले तर पोर किंचाळली. अंगठा आत, चार बोटं त्याच्यावर, दगडासारखी घट्ट. आणि झोपेतही तशीच... हे लिहून ठेवा, कारण पुढं लागणार आहे. झोपेतही उघडत नव्हती.

परभणीला दाखवलं, मग नांदेडला नेलं. स्कॅन झाला, रक्त झालं, सगळं नॉर्मल. भूल दिल्यावर तरी सैल होईल म्हणाले, नाही झाली. डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, "मॅडम, मानसिक असू शकतं, वाट बघू." सहा वर्षांच्या लेकराचं काय मानसिक असणार, सांगा! आत नखं वाढत होती. मी रोज कापूस सारून बघायचे, तळहाताला लाल चंद्रकोरी पडल्या होत्या. ओवी विचारायची, "आई, मी शाळेत कशी लिहू?" आयुष्यात पहिल्यांदा इतकी बेजार झाले होते.

मायनं पहिल्या दिवसापासून तिचा उपाय सुरू केला होता. दृष्ट काढायची. आमच्या घरी मोहऱ्या-मिरच्या नाहीत, नुसतं खडे मीठ. मूठभर घ्यायचं, लेकरावरून उतरवायचं, "आल्याची गेल्याची, घरच्याची दारच्याची" पुटपुटायचं. मात्र एक कडक नियम होता. उतरवलेलं मीठ चुलीत नाही, उकिरड्यावर नाही, वाहत्या पाण्यातच सोडायचं. आमच्याकडं वाहतं पाणी म्हणजे कॅनल. आणि त्या मे महिन्यात कॅनलला पाणी अजून सुटायचं होतं. म्हणून माय ते मीठ दाराच्या मागं, स्टीलच्या डब्यात साठवत राहिली. सकाळी एक मूठ, दिवेलागणीला एक मूठ. मला हे माहीत नव्हतं. म्हणजे... दृष्ट काढते ते दिसत होतं, पण मी तोंड वाकडं करून आत निघून जायचे. मीठ कुठं जातं हे विचारलंच नाही.

मूठ मिटल्याच्या अकराव्या दिवशी नळकांडं भरलं. साबणाला फेस येईना. मला काहीतरी करायला हवंच होतं, लेकराच्या हाताचं काही करता येत नव्हतं, निदान पाण्याचं तरी. स्वयंपाकघरातलं मीठ संपत आलेलं. शोधता शोधता दारामागं डबा सापडला, पाऊण भरलेला. खडे मीठ! मी म्हटलं, बरं झालं. बादलीत विरघळवलं, नळकांड्यातून सावकाश सोडलं, मग साध्या पाण्यानं खळखळून धुतलं. साबण घासून बघितला तर फेसच फेस. ओवी उजव्या हातानं टाळी वाजवायला गेली आणि वाजेना, म्हणून स्वतःच हसली. मी पहिला पेला भरला.

तेवढ्यात माय गोठ्यातून आली. रिकामा डबा बघून जागच्या जागी थांबली.

"वर्षे, ह्यातलं मीठ कुठाय?"

"रेझिनला वापरलं. का गं?"

"अगं बया..." ती तिथंच उंबऱ्यावर बसली. "ते उतरवलेलं हाय. लेकरावरनं उतरवलेलं! कॅनलला पाणी सुटंना म्हणून ठिवलं व्हतं म्या."

"मग काय झालं? मीठ ते मीठ. आणि मी नंतर धुतलंय सगळं."

"तूच म्हणतीस ना, एक घेतंय आन् एक देतंय? मग त्यानं काय घेतलं आन् आता काय द्यायलंय, सांग की!"

खरं सांगते, राग आला मला. अकरा दिवसांचा राग होता तो, डॉक्टरांवरचा, स्वतःवरचा, आणि निघाला मायवर. मी ओरडले, "हे बघ, मी स्वतः पिऊन दाखवते! काही होत नाही!" आणि पेला तोंडाला लावला.

सत्तरीची बाई इतक्या वेगानं उठेल असं मला वाटलं नव्हतं. तिनं पेला हिसकला. सांडेल म्हणून दोन्ही हातांनी धरला आणि गटागटा पिऊन टाकला. ती पदरानं तोंड पुसून म्हणाली, "झालं. आता ह्या नळकांड्याला कुणी हात लावायचा न्हाई."

"हे काय केलंस तू?"

"वतून दिलं तर दुसऱ्या कुणाला तरी लागलं असतं. तुला लेकरू हाय अजून वाढवायचं. माझं झालंय समदं."

तिनं नळकांडं उचललं आणि गोठ्याच्या मागं नेऊन उभं केलं.

चारच्या सुमारास ओवी अंगणात आंबा खात होती. मी दोरीवरचे कपडे काढायला गेले आणि पाहिलं, कोय डाव्या हातात होती. पाचही बोटं रसानं भरलेली. तिच्या लक्षातही आलेलं नव्हतं! मी तिला कवटाळून इतकी रडले की शेजारच्या काकू धावत आल्या. माय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हसत होती. पुढं आली मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिठाची परात पुढ्यात घेऊन तिनं हाक मारली, "वर्षे, हिकडं ये बरं जरा. मला हात उघडंना झालाय."

डावा. अंगठा आत, चार बोटं वर.

आता तुम्ही म्हणाल, मनाचा खेळ. म्हणा. मी स्वतः तेच म्हटलं असतं. आजीनं नातीचं दुखणं मनावर घेतलं, झालं. पण मी तिच्या उशाशी बसून रात्री काढल्यात. झोपेत मूठ उघडत नाही. त्याच नांदेडच्या डॉक्टरांकडं नेली. त्यांनी ओवीची फाइल दोनदा चाळली. मग म्हणाले, "वयोमानानं होतं कधी कधी." नळकांड्यात उरलेलं पाणी मी लॅबमध्ये तपासलं, रेझिनही तपासलं. पाणी म्हणजे पाणी होतं. रेझिन म्हणजे रेझिन.

सगळ्यात वाईट काय सांगू? मायची भाकरी. भाकरी एका हातानं थापता येत नाही हो. डाव्यानं फिरवावी लागते, दोन्ही हातांवर उचलून तव्यावर टाकावी लागते. पंचक्रोशीत नाव होतं तिच्या भाकरीचं. आता ती ज्वारीचं पीठ मळून बसते आणि मी थापते, आणि माझी कडेला चिरते. ती काही बोलत नाही. पूर्वी बोलली असती, "नकाशा काढायलीस का गं?"

मागच्या उन्हाळ्यात मी एक गोष्ट केली. ही नवऱ्यालाही सांगितलेली नाही. आमच्या समीकरणांत मध्ये जो बाण असतो तो दोन्हीकडे असतो. जे गेलं ते परत येऊ शकतं. दुपारी माय झोपली असताना मी मूठभर खडे मीठ घेतलं... मी, कमेंटमध्ये भांडणारी! तिच्यावरून उतरवलं, पुटपुटले, शब्द चुकले तर पुन्हा पहिल्यापासून म्हटले. असं अकरा दिवस. मग गोठ्यामागचं नळकांडं आणलं, ते मीठ सोडलं, धुतलं, पेला भरला. ओवीला माझ्या थोरल्या भावाच्या शेतावर पाठवून दिलं होतं. दार लावलं आणि प्यायले.

काही झालं नाही. रात्रभर माझी मूठ उघडझाक करत बसले. सकाळी मायची बघितली. तशीच.

ती जागीच होती. म्हणाली, "अकरा दिवस झाले बघायले म्या. डोळे मिटून पडायची, तुला शरम वाटू नये म्हणून."

"मग बोलली का नाहीस? काय चुकलं माझं? शब्द चुकले का?"

तिनं माझ्या तोंडावरून उजवा हात फिरवला. "येडी हायस का गं? दृष्ट मोठ्यानं ल्हान्याची काढायची असती. लेकीनं मायची काढल्याली लागत न्हाई. माझी काढणारी माझी माय... ती कुठाय आता?"

मी दर दोन महिन्यांनी गावी जाते. तिचा हात कोमट पाण्यात धरते, फटीतून कात्री सारून जमेल तेवढी नखं कापते. ओवी शेजारी बसून डाव्या हातानं शुद्धलेखन लिहिते आणि आजीला दाखवते. ते नळकांडं अजून गोठ्याच्या मागं उभं आहे. कॅनलला पाणी सुटलं तेव्हा मी ते रिकामं करायला निघाले होते. मायनं अडवलं, म्हणाली, "मीठ इरघळून जातंय, हे तसंच ऱ्हातंय. खाली कुणाच्या तरी घोटात जाईल, ऱ्हाऊ दे." लॅबमध्ये असल्या गोष्टी कुठं गाडायच्या ते मला माहीत आहे. इथं माहीत नाही.

याचं कारण मला अजून सापडलेलं नाही. तुम्हाला माहीत असेल तर खाली लिहा. मी भांडणार नाही.